रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा?

(गणेशोत्सवातील प्रबोधन कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी उत्सवातली एक संध्याकाळ आपण व्याख्यानासाठी राखून ठेवतो. आजवर या मंचावर मधुमेह, इच्छापत्र, म्युच्युअल फंड अशा विषयांवर जाणकार मंडळी बोलून गेली. यंदा कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "मनाची आणीबाणी आली तर फोनवर मदत कशी मिळवायची, यावर बोलेन." बैठकीत जरा शांतता पसरली. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "सणासुदीच्या दिवसांत हा विषय कशाला?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला जे रूप आले, त्यात आरतीच्या जोडीला व्याख्यान आले ते लोकांच्या गरजेच्या गोष्टी चारचौघांत बोलता याव्यात म्हणूनच. दुसरे कारण असे, की या दहा दिवसांत आपण सगळे एकत्र असतो, आणि जो मनाने खचलेला असतो त्याला नेमके याच दिवसांत जास्त एकटे वाटते. आरतीला कोण कोण आले हे आपल्याला दिसते. कोण येईनासे झाले, हे लक्षात यायला वेळ लागतो.

मी डॉक्टर नाही आणि समुपदेशकही नाही. आपल्यासारखाच नोकरीसाठी बंगळुरात आलो आणि इथलाच झालो. आमच्या घरात एकदा अशी वेळ आली, त्यातून काही माहिती झाली, आणि पुढे याच विषयात थोडे लक्ष घातले. तेवढ्या अधिकारावर बोलतो आहे.

आधी थोडे आकडे सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 साली आपल्या देशात 1,70,924 लोकांनी आत्महत्या केली. त्यांत दर शंभरात सुमारे 72 पुरुष होते. म्हणजे जो वर्ग "मला काय धाड भरलीय" असे म्हणून कोणाशी बोलत नाही, तोच यात जास्त आहे. निम्हान्सने 2015-16 मध्ये देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली. वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे त्यात आढळले. खर्च, अंतर, लाज, आणि कुठे जायचे हेच ठाऊक नसणे, अशी याची अनेक कारणे आहेत. यातले शेवटचे कारण आपण आज या मांडवात बसून दूर करू शकतो.

फोनवरून अशी मदत द्यायची कल्पना कुठून आली, तेही ऐकण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये चॅड व्हारा नावाचे एक धर्मगुरू होते. 1935 साली त्यांनी पहिला अंत्यविधी केला तो एका चौदा वर्षांच्या मुलीचा. तिला पाळी आली होती. आपल्याला भयंकर आजार झाला असे समजून तिने जीव दिला होता. विचारायला कोणी नाही, सांगायला कोणी नाही. ही गोष्ट व्हारा यांच्या मनात राहिली. पुढे 1953 च्या नोव्हेंबरात लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये त्यांनी एक टेलिफोन ठेवला आणि संकटात सापडलेल्यांनी इथे फोन करावा असे जाहीर केले. लोक फोन करू लागले, भेटायलाही येऊ लागले. आलेल्यांना बाहेर बसवून चहा देण्यासाठी काही स्वयंसेवक होते. थोड्याच दिवसांत व्हारा यांच्या लक्षात आले की चहा देणाऱ्या या साध्यासुध्या माणसांशी बोलूनच पुष्कळांचे मन हलके होते आहे, आणि त्यांना आत येऊन आपल्याला भेटायची गरजही उरत नाही. तेव्हा त्यांनी फोनचे काम या स्वयंसेवकांच्याच हाती दिले. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली.

आपल्या देशात 1986 साली चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' सुरू केली. पुढे 1998 मध्ये नवी मुंबईत 'आसरा', 2005 मध्ये पुण्यात 'कनेक्टिंग', आणि 2012 मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत 'आयकॉल' अशा सेवा आल्या. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली, तिचे नाव इथल्या बऱ्याच जणांनी ऐकलेले असेल. म्हणजे काम करणारी माणसे होती आणि आहेत. अडचण असते ती योग्य वेळी त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची.

आता आमच्या घरचा प्रसंग सांगतो. ज्याच्याबद्दल आहे तो माझा भाचा. त्याने परवानगी दिली म्हणून सांगतो आहे. नाव सांगणार नाही.

2019 सालचा ऑगस्ट महिना. भाचा इथल्याच एका कंपनीत होता, पीजीत राहायचा आणि शनिवार-रविवार आमच्याकडे यायचा. प्रोजेक्ट संपले होते, दुसरे मिळत नव्हते, आणि त्याला तीन आठवडे धड झोप नव्हती. एका बुधवारी रात्री अकराच्या सुमारास तो न कळवता आला. जेवला नाही. गाडीची चावी आणि पाकीट आमच्या सौ.च्या हातात देऊन म्हणाला, "मामी, हे तुझ्याकडे राहू दे." तिला ते खटकले. तिने त्याला जवळ बसवून सरळ विचारले, "बाळा, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतंय का?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "हो मामी. रोज येतं."

घड्याळात दीड वाजला होता. सौ. त्याच्याजवळून हलली नाही. मी आतल्या खोलीत जाऊन इंटरनेटवर शोधून चार नंबर कालनिर्णयच्या कोपऱ्यावर लिहून घेतले. पहिला फिरवला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही अशी कानडीत घोषणा झाली. दुसरा वाजत राहिला, कोणी उचलला नाही. तिसऱ्यावर ध्वनिमुद्रित आवाज आला, की आमची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आहे. चौथा एंगेज. तोच पुन्हा पुन्हा लावत राहिलो आणि सहाव्या वेळी एका बाईंनी उचलला. या सगळ्यात पंचवीस मिनिटे गेली होती. ज्या घरात विचारणारे, शोधणारे कोणी नसेल, तिथे या पंचवीस मिनिटांत काय होईल, याचा विचार आपण सगळ्यांनी करावा.

त्या बाई कोण होत्या, कुठे बसल्या होत्या, मला आजही ठाऊक नाही. त्यांनी आधी माझ्याशी दोन मिनिटे बोलून फोन भाच्याला द्यायला सांगितला. त्याने फोन स्पीकरवर ठेवला. पहिली दहा मिनिटे तो इंग्रजीत बोलला. ऑफिसमध्ये बोलतात तसे. प्रोजेक्ट, मॅनेजर, अप्रेझल. मग बाईंनी मध्येच विचारले, "बेटा, घर में कौन सी भाषा बोलते हो?" तो म्हणाला, "मराठी." "तो मराठी में बोलो. मैं थोड़ा समझती हूँ. धीरे बोलना."

आणि तो मराठीत बोलू लागला. सहा महिन्यांपूर्वी वडील गेले तेव्हा शेवटच्या दिवशी त्याला पोहोचता आले नव्हते, ते बोलला. आईला इकडचे काही कळू द्यायचे नाही म्हणून रोज फोनवर हसून बोलतो, ते बोलला. इंग्रजीत यातले एकही वाक्य आले नव्हते. बाईंना त्यातले किती कळले असेल कोण जाणे, पण त्या फक्त "हां बेटा" म्हणत होत्या आणि तो रडत होता. चाळीस मिनिटांनी त्यांनी त्याला विचारले, "आजची रात्र मामा-मामींसोबत काढशील? सकाळी डॉक्टरांकडे जाशील?" तो हो म्हणाला. मग त्यांनी मला पुन्हा फोनवर घेतले आणि चार गोष्टी सांगितल्या. त्याला आज एकटे ठेवू नका. घरात धोक्याच्या ज्या काही वस्तू आणि औषधे असतील ती कुलपात ठेवा. उपदेश करू नका. आणि उद्यावर ढकलू नका, सकाळी पहिले काम हेच करा.

सकाळी आम्ही होसूर रोडवर निम्हान्सला गेलो. तिथला आकस्मिक विभाग चोवीस तास सुरू असतो, हे मला त्या दिवशी कळले. उपचार दीड वर्ष चालले. त्यात चढउतार आले. आज तो नोकरीत आहे, बरा आहे, आणि आईशी फोनवर खरे बोलतो. फोनने त्याचा आजार बरा केला नाही, तो डॉक्टरांनी, औषधांनी आणि वेळेने केला. फोनने त्याला ती रात्र पार करून दिली. या सेवेचे काम तेवढेच असते, आणि ते फार मोठे असते.

त्यानंतर काळ बदलला. 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत निम्हान्सने मानसिक आधारासाठी फोनसेवा सुरू केली. मग 2022 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय टेलि-मानसिक आरोग्य कार्यक्रमाची घोषणा झाली, आणि 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'टेली-मानस' ही सेवा सुरू झाली. तिचे शिखर केंद्र आपल्या बंगळुरातच, निम्हान्समध्ये आहे, आणि तांत्रिक बाजू इथल्याच आयआयआयटीने सांभाळली. 2025 सालापर्यंत या सेवेने 20 लाखांहून अधिक फोन घेतले.

नंबर सांगतो, कृपया मोबाइल काढा आणि आत्ताच साठवून घ्या. 14416. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा. तो लागला नाही तर दुसरा नंबर आहे 1-800-891-4416. दोन्ही विनामूल्य, दिवसरात्र, वर्षाचे सगळे दिवस. ऑक्टोबर 2024 मध्ये याचे मोबाइल ॲपही आले आहे.

फोन लावला की काय होते? अनोळखी गोष्टीची भीती वाटते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

आधी भाषा निवडायला सांगतात. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलायला येतो. तो नाव विचारेल, पण सांगायचे नसेल तर तसे म्हणता येते. काय झाले, कधीपासून, झोप कशी आहे, जेवण जाते का, घरात आत्ता कोण आहे, असे प्रश्न येतील. जीव द्यावासा वाटतो का, हे ते सरळ विचारतील. हा प्रश्न ऐकून पुष्कळ जण दचकतात. असे विचारल्याने नसलेला विचार मनात येतो, हा समज चुकीचा आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून सुटल्यासारखे वाटते. आमच्या सौ.ने काही कुठे शिकून तसे विचारले नव्हते, पण योग्य तेच विचारले.

समोरच्याला प्रसंग गंभीर वाटला तर तो मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतो, आणि जवळ कुठे प्रत्यक्ष उपचार मिळतील ते सांगतो. नंतर पुन्हा फोन करून चौकशीही केली जाते. बोलणे गुप्त ठेवले जाते. जिवाला लगेच धोका असेल तेव्हाच, वाचवण्यापुरते, इतरांना सांगावे लागू शकते.

फोन करायला वेडेपणाचा दाखला लागत नाही. परीक्षेची धास्ती, नोकरी जाण्याची भीती, बाळंतपणानंतरची उदासी, आजाऱ्याची वर्षानुवर्षे सेवा करून आलेला थकवा, दारू सुटत नाही, अशा कशासाठीही फोन करता येतो. दुसऱ्यासाठीही करता येतो. मुलगा बोलत नसेल तर आईने फोन करून "मी कसे वागू?" असे विचारावे. नुसते रडू आले तरी चालते. बोलताना मध्येच थांबावेसे वाटले तर थांबावे. एका समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर फोन ठेवून पुन्हा लावावा. डॉक्टरांच्या बाबतीत आपण दुसरे मत घेतोच की.

आता ज्या शंका लोक मला खासगीत विचारतात त्यांकडे येतो.

पहिली शंका पोलिसांची. "असं काही बोललो तर केस होईल का?" जुन्या भारतीय दंडविधानात आत्महत्येचा प्रयत्न हा 309 कलमाखाली गुन्हा होता. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 हा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या 115 व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले, आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात सर्वसाधारण प्रयत्नाला शिक्षा देणारे ते जुने कलम राहिलेले नाही. मदत मागण्यासाठी फोन करणे हा तर कधीच गुन्हा नव्हता.

दुसरी शंका नोकरीची. आपल्यापैकी बरेच जण मोठ्या कंपन्यांत आहेत. पुष्कळ कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी बाहेरच्या संस्थेमार्फत समुपदेशनाची फोनसेवा ठेवतात, आणि बऱ्याच ठिकाणी ती कुटुंबीयांनाही खुली असते. ओळखपत्राच्या मागे किंवा इंट्रानेटच्या एखाद्या कोपऱ्यात तो नंबर असतो आणि कोणी बघत नाही. उद्या ऑफिसला गेल्यावर एचआरला एवढेच विचारा, की ही सेवा आहे का, ती गुप्त असते का, आणि घरच्यांना चालते का. स्वतःसाठी विचारायला संकोच वाटत असेल तर "आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी माहिती हवी होती" असे माझ्या नावावर खपवा.

तिसरी शंका भाषेची, आणि आपल्यासाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. आपण महाराष्ट्राबाहेर राहतो. बाजारात कानडी, ऑफिसात इंग्रजी, शेजाऱ्याशी हिंदी असे आपले चालते आणि छान चालते. पण दुःख माणसाला मातृभाषेतच सांगता येते, हे मी त्या रात्री कानांनी ऐकले आहे. आपल्यात लग्न होऊन सातारा-परभणीहून थेट इथे आलेल्या मुली आहेत. नातवंडे सांभाळायला गाव सोडून आलेले आजी-आजोबा आहेत, ज्यांना दिवसभर फ्लॅटमध्ये बोलायला कोणी नसते. आणि ज्यांची पहिली भाषा आता इंग्रजीच झाली आहे अशी आपली नवी पिढीही आहे. प्रत्येकासाठी वेगळा विचार करायला हवा.

टेली-मानस राज्यांनी निवडलेल्या भाषांनुसार 20 भाषांतून चालते आणि त्यांत मराठी आहे. मात्र बंगळुरातून फोन लावल्यावर भाषांच्या यादीत मराठी येईलच असे धरून चालू नका. आली तर ती घ्या. नाही आली तर हिंदी किंवा इंग्रजी घ्या, आणि सुरुवातीलाच सांगा, "मला मराठीत बोलणे सोपे जाईल." दिवसाची वेळ असेल तर पुण्या-मुंबईच्या स्वयंसेवी संस्थांच्या फोनसेवांचाही विचार करा, तिथे मराठी बोलणारे कान मिळण्याची शक्यता जास्त. एसटीडीचा काळ संपला, आता इथून पुण्याला बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत. पण अशा बऱ्याच सेवा ठरावीक वेळेतच चालतात, म्हणून वेळ आधी विचारून ठेवा. आणि काहीच जमले नाही तर मराठीच्या हट्टापायी फोन टाळू नका. त्या बाईंना मराठी थोडीच येत होती, तरी काम झाले.

आणखी काही नंबर. लहान मुलांसाठी 1098. ज्येष्ठांसाठी 14567, हा दिवसा चालतो. आणि जिवाला आत्ता या क्षणी धोका आहे, कोणी काही करून घेतले आहे किंवा करण्याच्या बेतात आहे, असे असेल तर समुपदेशनाच्या नंबरावर वेळ घालवू नका. 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 लावा, नाहीतर गाडी काढून जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात घेऊन जा.

पण फोनवाला माणूस दूर असतो. जवळ आपण असतो. म्हणून ऐकणाऱ्याने काय करावे, तेही थोडक्यात सांगतो. समर्थांनी मनाला उद्देशून 205 श्लोक लिहिले. ते पाठ असणारे आजही इथे बसले असतील. स्वतःच्या मनाशी बोलायची शिकवण आपल्याकडे जुनी आहे. दुसऱ्याच्या मनाचे ऐकून घेण्यात मात्र आपण घाई करतो. समोरचा तोंड उघडतो न उघडतो तोच आपण सुरू होतो, "तुला कशाची कमी आहे?", "आमच्या वेळी असलं काही नव्हतं", "जरा फिरून ये, बरं वाटेल", "देवाचं नाव घे". यातले शेवटचे वाक्य मीही श्रद्धेने मानतो. पण बुडणाऱ्याला आधी हात द्यावा, स्तोत्र नंतर म्हणावे. तेव्हा "किती दिवसांपासून असं वाटतंय?" एवढे विचारावे आणि गप्प बसावे. "मी इथे आहे, आपण मिळून फोन लावू" असे म्हणावे, आणि खरोखर शेजारी बसून नंबर फिरवून द्यावा. खचलेल्या माणसाला दहा आकडे दाबायचेही बळ नसते.

आणि झोप उडणे, जेवण तुटणे, माणसांत येणे बंद होणे, हिशेब मिटवल्यासारखे बोलणे, जवळच्या वस्तू वाटून टाकणे, या खुणा दिसल्या तर "होईल ठीक" म्हणून सोडून देऊ नका.

शेवटी मंडळाला तीन विनंत्या करतो.

पहिली, या नंबरांचे एक पान दरवर्षी स्मरणिकेत छापावे. जाहिरात कमी पडली म्हणून रिकाम्या जागी छापायचे पान नव्हे, हक्काचे पान. आपण स्मरणिका फेकत नाही, टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवतो. तिथे ती रात्री दोन वाजताही सापडेल.

दुसरी, छापण्याआधी दरवर्षी आषाढात दोन सभासदांनी प्रत्येक नंबर स्वतः लावून पाहावा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांत बंद पडलेले नंबर पुष्कळ असतात, आणि ते पुढे ढकलणाऱ्याने एकदाही लावून बघितलेले नसतात. तपासताना दुपारची वेळ निवडावी, "माहितीसाठी फोन केला, भाषा आणि वेळ सांगाल का?" असे विचारून दोन मिनिटांत फोन ठेवावा. ती लाइन दुसऱ्या कोणाला हवी असते.

तिसरी, वर्गणीला जाताना आपण घरोघर जातोच. त्या वेळी जी दारे यंदा उघडली नाहीत, जे गेल्या वर्षी ढोल वाजवत होते आणि यंदा दिसले नाहीत, त्यांची एक वेगळी यादी करावी. विसर्जनानंतरच्या आठवड्यात त्यांच्याकडे पुन्हा जावे. पावतीपुस्तक न घेता जावे. चहा घ्यावा, बसावे. लंडनच्या त्या चहावाल्या स्वयंसेवकांचेही प्रशिक्षण सुरुवातीला एवढेच होते.

माझ्या घरी पंचवीस मिनिटे लागली. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी वेळ येऊच नये, ही गणरायाचरणी प्रार्थना. आणि आलीच, तर पंचवीस सेकंदांत फोन लागावा एवढीच आजच्या बोलण्यामागची इच्छा. ज्यांनी अजून साठवला नसेल त्यांच्यासाठी पुन्हा एकदा सांगतो: 14416.

 आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!